कुलूप आणि क्षमापना

नाशिकच्या भांडी बाजारात तीन पिढ्यांपासून घाऊक व्यापार करणारी एक पेढी आहे. आजोबांच्या काळी तांब्या-पितळेची भांडी होती, आता बहुतेक माल स्टीलचा असतो. गादीमागच्या भिंतीत एक जुनी लोखंडी तिजोरी बसवलेली आहे आणि तिच्या किल्ल्या गेली एकेचाळीस वर्षे एकाच माणसाच्या कमरेला आहेत. ते पेढीचे मुनीमजी. सकाळी पूजा आटोपून ते पंचवटीतून चालत येतात, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकतात आणि चातुर्मासात रोज संध्याकाळी शेटजींच्या शेजारी आसन टाकून प्रतिक्रमणाला बसतात. पेढीचा हिशेब वह्यांतून संगणकावर गेला, तेव्हा साठी ओलांडलेल्या मुनीमजींनी दोन महिन्यांत नवी रीत आत्मसात केली. खतावणी ती खतावणीच, कागद तेवढा बदलला, असे ते म्हणत.

तिजोरीच्या बरोबर वर, पोटमाळ्यावर, पेढीचा मुख्य संगणक आहे. तो लिनक्स या प्रणालीवर चालतो. शेटजींचा धाकटा मुलगा पुण्यात संगणक अभियांत्रिकी शिकून परत आला आणि त्याने पेढीचा सारा हिशेब या संगणकावर आणला. मुलगा हुशार, कष्टाळू आणि मनाने सरळ आहे. ज्या प्रसंगात त्याच्या हातून चूक घडली, त्यातही त्याचा हेतू पेढीचे रक्षण हाच होता. म्हणून तर तो प्रसंग सांगण्याजोगा आहे.

लिनक्सचे कूळ युनिक्सचे. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. एकाच संगणकावर अनेकांनी काम करावे आणि तरीही प्रत्येकाचे दालन वेगळे राहावे, ही सोय त्यात आली. प्रत्येकाचे स्वतंत्र खाते, खात्याला नाव आणि त्या नावाचा एक गुप्त शब्द, म्हणजे पासवर्ड. मोठ्या पेढीत प्रत्येक गुमास्त्याला आपापला गल्ला असावा, तसेच हे.

पण गुप्त शब्द निवडतो माणूस, आणि माणूस आळशी. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्स वापरणाऱ्यांचे ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांतील ८६ टक्के सहज ओळखता येतील असे निघाले. कोणी एकच अक्षर ठेवले होते, कोणी दोन, कोणी शब्दकोशातला साधा शब्द. आजही पुष्कळ घरांत नातवाचे नाव आणि त्याचे जन्मवर्ष एवढाच पासवर्ड असतो आणि तो सगळ्या आळीला ठाऊक असतो. असा शब्द ओळखायला चोराला फार प्रयत्न लागत नाहीत. म्हणून प्रयत्नांनाच मर्यादा घालण्याची कल्पना आली. ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की खातेच बंद. एटीएमवर तीन वेळा पिन चुकला की कार्ड अडते, हा त्याच नियमाचा सर्वांच्या परिचयाचा अवतार.

लिनक्सवर हे काम बहुधा 'फेललॉक' नावाची एक छोटी यंत्रणा करते. तिची मूळ मापे अशी असतात: पंधरा मिनिटांच्या आत तीन चुका झाल्या तर खाते बंद, आणि दहा मिनिटांनी ते आपोआप खुले. ही मापे ज्याच्या हाती संगणकाचा कारभार आहे, त्याला बदलता येतात. मुलाने ती बदलली. आषाढात ओळखीच्या एका व्यापाऱ्याची ऑनलाइन फसवणूक झाल्याचे त्याच्या कानावर आले होते. त्याने पेढीवर दोन नियम केले. प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा. आणि तीन चुकांनंतर बंद झालेले खाते आपोआप उघडणार नाही, ते त्याने स्वतः उघडले तरच उघडेल. शेटजींनी मान डोलावली. पेढीवर शिस्त असावी, यात वावगे काय होते?

श्रावण सरत आला होता आणि पर्युषण तोंडावर आले होते. नियमाप्रमाणे मुनीमजींनी १६ तारखेला संध्याकाळी, घरी निघण्यापूर्वी, आपला पासवर्ड बदलला. नवा शब्द त्यांनी कागदावर लिहिला नाही, कोणाला सांगितलाही नाही. १७ तारखेला सकाळी ते गादीवर बसले आणि खाते बंद. मुलाने उघडून दिले. दुपारी जेवून परत आले, तर पुन्हा बंद. मुलाने पुन्हा उघडले, पण या वेळी त्याच्या कपाळावर आठी होती. १८ ला सकाळी तोच प्रकार. जीएसटीचे महिन्याचे विवरणपत्र २० तारखेच्या आत भरायचे होते आणि त्याचे सारे आकडे मुनीमजींच्या खात्यात होते.

त्या दिवशी शेटजी खरेदीसाठी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेले होते. मुलाने संगणकाची नोंदवही उघडली. संगणकात आलेला-गेलेला प्रत्येक जण आणि दाराशी अडलेला प्रत्येक प्रयत्न या नोंदवहीत लिहिला जातो. १७ तारखेच्या एका दिवसात मुनीमजींच्या नावावर चुकलेले प्रयत्न होते २८८.

मुलाच्या मनात आणखी एक गोष्ट सलत होती. त्याच महिन्यात एका संस्थेच्या मोठ्या खरेदीत दुसऱ्या व्यापाऱ्याने पेढीपेक्षा किलोमागे अवघ्या दोन रुपयांनी कमी भाव देऊन काम नेले होते. आपला भाव त्याला कळला कसा? आता त्याला दोन्ही धागे जुळल्यासारखे वाटले. मुनीमकाकांच्या नावाने कोणी तरी दार ठोठावत आहे. एक तर त्यांनी कोणाला नाव-शब्द सांगितला असणार, नाही तर रात्री-बेरात्री ते स्वतःच काही तरी उघडू पाहत असणार. त्याने आवाज चढवला नाही. पण चार नोकरांच्या देखत तो म्हणाला, "मुनीमकाका, चौकशी होईपर्यंत तुम्ही काही दिवस घरी विश्रांती घ्या."

मुनीमजींनी काही विचारले नाही. कमरेच्या किल्ल्या सोडून गादीवर ठेवल्या, चष्मा घरात घातला आणि ते पायऱ्या उतरून गेले. एकेचाळीस वर्षांत किल्ल्या गादीवर राहून मुनीमजी घरी गेल्याचे कोणी पाहिले नव्हते.

रात्री शेटजी परतले. त्या संध्याकाळी मुंबईहून येताना त्यांचे प्रतिक्रमण गाडीतच झाले होते. मुलाने सारे सांगितले. शेटजी बराच वेळ गप्प राहिले. मग एवढेच म्हणाले, "ती वही मला उद्या कागदावर काढून दे."

"बाबूजी, ती संगणकाची नोंद आहे, आपली किर्द नव्हे. तुम्हाला त्यात काय कळणार?"

"नोंद आहे ना? मग वाचता येईल."

१९ तारखेला पहाटे दुकान उघडून दोघे बसले. शेटजींनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायला सुरुवात केली. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी होत्या: वेळ, खात्याचे नाव आणि ज्या यंत्रावरून प्रयत्न झाला त्याचा आकडी पत्ता. मुलाने नावाचा रकाना पाहिला होता आणि बेरीज पाहिली होती. शेटजींनी वेळेचा रकाना पाहिला. सहा वाजून दोन मिनिटे, सहा सात, सहा बारा, सहा सतरा. पुढचे पान, त्याच्या पुढचे पान. कुठेही खंड नव्हता.

"दर पाच मिनिटांनी एक," शेटजी म्हणाले. "तासाला बारा. दिवसाचे चोवीस तास. बारा चोक दोनशे अठ्ठ्याऐंशी होत नाहीत, पण बारा गुणिले चोवीस होतात. तुझा आकडा जुळला. आता सांग, कोणता माणूस रात्रभर न झोपता इतक्या नियमाने चुकतो?"

मुलाला उत्तर सुचले नाही. शेटजींचे बोट एका ओळीवर थांबले. १७ तारीख, संध्याकाळी सात वाजून सतरा मिनिटे. "या वेळी मुनीमजी स्थानकात होते. माझ्या शेजारी बसून प्रतिक्रमण करत होते. आम्हा दोघांजवळ मुहपत्ती आणि आसन यांखेरीज काही नव्हते."

मग मुलाने पत्त्याचा रकाना पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. सर्व २८८ प्रयत्न एकाच यंत्रावरून झाले होते, आणि ते यंत्र बाहेरचे नव्हते. ते अंबडच्या गोदामातले होते. तिथला संगणक दर पाच मिनिटांनी पेढीच्या संगणकात शिरतो आणि शिल्लक मालाचा आकडा उतरवून ठेवतो. ही सोय तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत खुद्द मुलानेच करून दिली होती. तेव्हा घाईत स्वतंत्र खाते काढण्याऐवजी त्याने मुनीमजींचेच नाव वापरले होते. पासवर्ड मुनीमजींनी विश्वासाने सांगितला होता आणि त्याने तो यंत्रात लिहून ठेवला होता. १६ तारखेला मुनीमजींनी पासवर्ड बदलला. यंत्राला ते कोण सांगणार? ते बिचारे जुना शब्द घेऊन दर पाच मिनिटांनी दारावर येत राहिले. पंधरा मिनिटांत तीन चुका होत राहिल्या आणि मुलाने कितीही वेळा उघडले तरी कुलूप पुन्हा पडत राहिले. गोदामातला मालाचा आकडाही १६ तारखेपासून जिथल्या तिथे गोठला होता. तिकडे कोणी पाहिलेच नव्हते.

राहता राहिला दोन रुपयांचा प्रश्न. शेटजी म्हणाले, "स्टीलचा दर रोज बाजारात कळतो. आपला नफा किती, हे शेजारच्या दुकानदाराला तीस वर्षे माहीत आहे. भाव कळायला चोर लागत नाही."

इथे थोडे थांबून कुलपाचाच विचार केला पाहिजे. चुकांनंतर अडणारे कुलूप ही संगणकाच्या काळातली कल्पना नव्हे. १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये जेरेमाया चब यांनी एका कुलपाचे पेटंट घेतले. त्यात कोणी खोटी किल्ली किंवा तार घातली, तर आतली एक पट्टी अडकून बसे आणि मग खरी किल्लीही लगेच चालत नसे. मालकाला तेवढ्यावरून कळे की, कोणी तरी हात लावून गेले आहे. पुढे सुधारलेल्या रचनेत मालक आपलीच किल्ली उलटी फिरवून ती पट्टी मोकळी करी आणि मग कुलूप उघडी. या कुलपाचे खरे काम मालकाला सावध करणे हे होते. मालकाला घराबाहेर ठेवणे हे त्याचे काम नव्हते.

मुलाच्या नियमात नेमका हाच विवेक सुटला होता. तीन चुकांनंतर कायमचे बंद होणारे खाते चोरापेक्षा मालकालाच अधिक अडवते. इतकेच नव्हे, तर ज्याला पासवर्ड मुळीच ठाऊक नाही, पण खात्याचे नाव ठाऊक आहे, असा कोणीही मुद्दाम तीन वेळा चुकून दुसऱ्याचे काम बंद पाडू शकतो. युनिक्सच्या जाणकारांना हा धोका फार पूर्वीपासून माहीत आहे. म्हणूनच फेललॉकमध्ये संगणकाच्या मुख्य कारभाऱ्याचे खाते, ज्याला 'रूट' म्हणतात, ते वेगळे सांगितल्याशिवाय बंद होत नाही. सगळ्यांची दारे बंद झाली, तर ती उघडणारा एक तरी आत हवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनेही आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत सलग चुकांची कमाल मर्यादा तीन ठेवलेली नाही, शंभर ठेवली आहे.

शंभर हा आकडा ऐकून व्यापारी माणूस दचकेल. पण हिशेब करून पाहावा. कोणताही क्रम नसलेला, इंग्रजी लहान अक्षरांचा आठ अक्षरी पासवर्ड घेतला, तर त्याचे सुमारे २०,८८२ कोटी प्रकार होतात. दर दहा मिनिटांना तीनच प्रयत्न करता आले, तर दिवसाला ४३२ आणि वर्षाला दीड लाखाच्या थोडे वर. सारे प्रकार संपवायला तेरा लाख वर्षे लागतील. म्हणजे शब्द चांगला असेल, तर दहा मिनिटांचे कुलूप चोराला पुरेसे आहे. आणि शब्द नातवाच्या नावाचा असेल, तर चोराला तीन प्रयत्नही पुष्कळ झाले, तिथे कायमचे कुलूपही उपयोगाचे नाही. कठोरपणाने जे साधत नाही, ते थोड्या विलंबाने साधते.

त्या चातुर्मासात स्थानकात विराजमान असलेल्या साध्वीजींच्या प्रवचनात कषायांचे विवेचन चालू होते. क्रोधाचे चार प्रकार श्रावकांना परिचित आहेत. संज्वलन क्रोध पाण्यावर ओढलेल्या रेघेसारखा, पंधरवड्याच्या आत विरणारा. प्रत्याख्यानावरण वाळूवरच्या रेघेसारखा, चार महिन्यांचा. अप्रत्याख्यानावरण जमिनीला पडलेल्या भेगेसारखा, वर्षभर राहणारा. आणि अनंतानुबंधी दगडाला गेलेल्या तड्यासारखा, जन्मभर न सांधणारा. दगडातला तडा सम्यक्त्वच होऊ देत नाही. म्हणून तर पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमण आहे. रेघ अधिक खोल जाण्याआधी ती पुसण्याची मुदत शास्त्राने ठरवून दिली आहे.

शेटजींना त्या पहाटे हेच आठवले. मुलाने संगणकाला जो नियम शिकवला होता, त्याला मुदत नव्हती. आणि तोच बिनमुदतीचा नियम त्याने संगणकावरून उचलून माणसाला लावला होता. यंत्राला चोर, विसराळू म्हातारा आणि जुना शब्द घोकणारे दुसरे यंत्र यांतला भेद कळत नाही. त्याच्या लेखी तिन्ही एकच: चुकीचा शब्द. एकाच घटनेला अनेक बाजू असतात, हे पाहणे अनेकांत मानणाऱ्याचे काम आहे. यंत्राने थांबवावे हे ठीक, पण दोष कोणाचा हे माणसाने वही वाचून ठरवावे.

सकाळी नऊच्या सुमारास बापलेक पंचवटीत मुनीमजींच्या घरी गेले. मुनीमजी ओसरीवर माळ घेऊन बसले होते. त्यांनी उठून "जय जिनेंद्र" म्हटले आणि आत पाण्यासाठी आवाज दिला. मुलाने त्यांना बसू दिले नाही. तो त्यांच्या पायांशी वाकला आणि म्हणाला, "मुनीमकाका, चूक माझ्या हातची होती. नाव तुमचे घेतले. चार माणसांत घेतले. मिच्छा मि दुक्कडं."

मुनीमजी क्षणभर काही बोलले नाहीत. मग शेटजींकडे वळून म्हणाले, "संवत्सरीला अजून अवकाश होता."

"तोवर थांबण्याजोगे नव्हते," शेटजी म्हणाले.

शेटजींनी खिशातून किल्ल्या काढून ओसरीवर ठेवल्या. मुनीमजींनी त्या लगेच उचलल्या नाहीत. त्यांनी मुलाला जवळ बसवून घेतले आणि विचारले, "पासवर्ड तीन वर्षांपूर्वी मी तुला सांगितला होता, ते बरोबर होते का?"

"नव्हते, काका. आणि मी तो विचारायलाही नको होता."

"मग दोष माझाही थोडा आहे. तिजोरीची किल्ली मी घरच्यांनाही दिली नाही. हा शब्दही किल्लीच आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही." एवढे बोलून त्यांनी किल्ल्या कमरेला लावल्या. "खाते उघडले का? उद्या वीस तारीख आहे."

दुपारी मुलाने पेढीवरच्या सगळ्यांना बोलावले. काल जे चौघांच्या देखत बोलला होता, ते चौघांच्या देखत मागे घेतले. मग त्याने नियम बदलले. गोदामाच्या यंत्राला स्वतंत्र खाते दिले आणि त्या खात्याला मालाच्या आकड्यापलीकडे काहीही पाहण्याची मुभा ठेवली नाही. माणसाचे नाव यंत्राला देणे बंद झाले. तीनऐवजी पाच चुका, आणि कुलूप दहा मिनिटांचे. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती त्याने काढली. त्याऐवजी प्रत्येकाने एक लांब, आडनाव-गाव नसलेला शब्द ठेवावा आणि तो कोणालाही, घरच्या मुलालाही, सांगू नये असे ठरले. शेवटचा नियम शेटजींनी घातला. रोज सकाळी गादीवर बसण्यापूर्वी कालची नोंदवही वाचायची. बेरीज पाहून उठायचे नाही, ओळ न् ओळ पाहायची.

१९ ला रात्री प्रतिक्रमणाहून परतल्यावर मुनीमजी पुन्हा पेढीवर आले नाहीत, कारण काम सूर्यास्तापूर्वीच संपले होते. विवरणपत्र एक दिवस आधी भरून झाले. संध्याकाळी निघताना त्यांनी नेहमीप्रमाणे तिजोरी लावली, मूठ ओढून पाहिली आणि पोटमाळ्याकडे नजर टाकून मुलाला म्हणाले, "वरच्या कुलपाचेही तूच एकदा पाहून घे."